ठराव मंजूर, किल्ली साहेबांकडे

२०२० सालच्या ऑगस्टमध्ये मुंबई महापालिकेनं दादर भागात एक क्रांती केली. रस्ता ओलांडायच्या सिग्नलवर जो तांबडा-हिरवा पुरुष वर्षानुवर्षं उभा होता, त्याला खाली उतरवून तिथं बाई आणली. बाई कशी ओळखायची? तर तोच पुरुष, फक्त कमरेपासून गुडघ्यापर्यंत त्रिकोणी झगा. दादरच्या भाजीबाजारात असा झगा घालून कोथिंबिरीचा भाव करणारी बाई अजून कुणी पाहिलेली नाही, पण देशात हे पहिल्यांदाच घडतंय म्हणून कौतुक झालं, फोटो निघाले. बाई हिरवी झाली की पुरुषही रस्ता ओलांडतात, आणि ती तांबडी असली तरीही ओलांडतात. तेवढ्यापुरती स्त्री-पुरुष समानता दादरमध्ये त्याच दिवशी प्रस्थापित झाली.

सिग्नलची थट्टा करावी असा माझा हेतू नाही. (थोडा आहे.) पण आपल्या स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये समता हा विषय कोणत्या खात्याकडं असतो याचा उलगडा मला त्या झग्यामुळं झाला. तो समाजकल्याणकडं नसतो, महिला-बालकल्याणकडंही नसतो. तो असतो बांधकाम विभागाकडं. जे चौरस मीटरमध्ये मोजता येतं, ज्याचं टेंडर काढता येतं, ज्याची नोंद मोजमाप पुस्तिकेत होते आणि ज्याचं बिल एकतीस मार्चच्या आत निघतं, तीच समता. बाकीची म्हणजे भाषण.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या नगरपालिकेचा रॅम्प घ्या. एक फूट उंची चढायला बारा फूट उतार लागतो, असा शास्त्राचा हिशेब. आमच्या पालिकेच्या पायऱ्या तीन फूट उंच, म्हणजे छत्तीस फूट लांबी हवी. जागा होती नऊ फूट, कारण पलीकडं साहेबांची गाडी लागते. रॅम्प वाकवता येत नाही, गाडी हलवता येत नाही. मग शास्त्रच हलवलं. नऊ फुटांत रॅम्प बसवला. त्यावरून खाली सोडलेली चाकाची खुर्ची थेट समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाईल आणि दोन प्रती काढूनच थांबेल. २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. या रॅम्पवर त्यातल्या एकालाही चढता येत नाही, हीही एक प्रकारची समानताच. उपयोग होत नाही असं मात्र नाही. कर्मचारी आपल्या दुचाक्या त्यावरून वर घेतात आणि व्हरांड्यात सावलीला लावतात. उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा नियम आहे, तोही आमची पालिका पाळते. त्याचा अर्ज दुसऱ्या मजल्यावर मिळतो.

वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायची, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२० मध्ये घेतला. योग्यच निर्णय, आणि खरं तर फार उशिरा घेतलेला. आमच्याकडं त्याची अंमलबजावणी विक्रमी वेगात झाली, कारण फलक हे बांधकामात येतं. एका आठवड्यात समतानगर उभं राहिलं, निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत. नळाला पाणी पूर्वी पहाटे साडेतीनला यायचं, ते अजून साडेतीनलाच येतं. फलकाच्या टेंडरमध्ये पाण्याची वेळ धरलेली नव्हती.

हा प्रकार आजचा नाही. नगरपालिका आणि समता यांचा संसार जुना आहे, आणि त्यातलं सगळ्यात मोठं भांडण महाडमध्ये झालं. सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात ठराव मांडून मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये त्याला धरून आपला ठराव केला आणि चवदार तळं सर्वांना खुलं केलं. सूचक झाले, अनुमोदक झाले, ठराव कागदावर चढला. पुढं तीन वर्षं तो कागदावर सुखात राहिला. गावात कुणाची तक्रार नाही, वाद नाही, तळ्यावर गर्दी नाही. मग २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. म्हणजे नगरपालिकेच्याच ठरावाची अंमलबजावणी त्यांनी करून दिली, तीही फुकट, टेंडर न काढता. त्यावर गावातल्या सवर्णांनी लोकांना मारहाण केली, पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं काय केलं? मूळ ठराव रद्द केला. पुढं कोर्टकचेरी चालली ती १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत. ठरावाला कुणाचीच हरकत नव्हती. हरकत होती ती पाणी पिण्याला.

त्या वेळी महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस स्वतः या चळवळीच्या बाजूनं होते, हे मुद्दाम सांगायला हवं. नाहीतर सगळा दोष खुर्चीवर ढकलून आपण मोकळे होतो. अध्यक्ष बाजूनं, ठराव बाजूनं, कायदा बाजूनं, आणि तरी तळं बंद! पालिकेचा कारभार ज्यानं कधी जवळून पाहिलाय, त्याला यात नवल वाटणार नाही.

२६ जूनला राजर्षी शाहूंची जयंती आपण सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतो आणि ८ मार्चला महिला दिन. आमच्या पालिकेत दोन्ही दिवस उत्साहात होतात. सामाजिक न्याय दिनाला व्यासपीठावर अकरा पुरुष असतात आणि समई लावायला एक बाई. महिला दिनाला व्यासपीठावर अकरा पुरुष असतात आणि रांगोळी काढायला वीस बाया. प्रमाण सुधारतंय हे कुणीही मान्य करील.

आता मुख्य विषयाकडं येतो, म्हणजे आरक्षण सोडतीकडं.

त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून पंचायती आणि नगरपालिकांत बायकांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. त्यातल्या कुठल्या जागा बायकांच्या, हे चिठ्ठ्या काढून ठरतं. नगरपालिकेचं सभागृह, वर प्रांतसाहेब, टेबलावर काचेची बरणी, आणि नगरपालिकेच्या शाळेतून आणलेली चौथीतली मुलं. वर्षभर ज्यांच्या एका फोनवर पाण्याचा टँकर हलतो असे बारा-पंधरा दांडगे पुढारी त्या दिवशी चौथीतल्या एका पोराच्या मुठीकडं डोळे लावून बसतात. ते पोर नाक पुसतं, बरणीत हात घालतं, चिठ्ठी काढतं. तेवढ्या वेळात सभागृहात जितकी देवांची नावं घेतली जातात तितकी आषाढीला घेतली जात नसतील.

२०१६ च्या निवडणुकीआधीची सोडत होती. आमच्या प्रभागात भाऊ. दोन वेळा निवडून आलेले, तिसऱ्यांदाची तयारी झालेली, गणपतीची वर्गणी देऊन झालेली. प्रभागात जागा दोन. ‘अ’ जागा अनुसूचित जातीसाठी निघाली. ‘ब’ जागेची चिठ्ठी निघाली आणि प्रांतसाहेबांनी वाचली, ‘सर्वसाधारण, महिला.’ भाऊ उठून बाहेर गेले. लोकांना वाटलं, माणूस खचला. भाऊ फ्लेक्सवाल्याला फोन करायला गेले होते.

संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स. वहिनींचा स्वतंत्र फोटो घरात एकही नव्हता, म्हणून सत्यनारायणाच्या पूजेतला घेतला. पूजेत बायको नवऱ्याच्या हाताला हात लावून बसते. फ्लेक्सवाल्यानं शेजारचे भाऊ कापले, पण वहिनींचा पुढं केलेला हात तसाच अधांतरी राहिला. तो कापला तर अपशकुन, म्हणून त्या हाताखाली त्यानं पक्षाचं चिन्ह बसवलं. वहिनी ते चिन्ह कोपराला धरून पूजेला बसल्यात, असं दिसत होतं. वर डाव्या कोपऱ्यात भाऊ, वहिनींच्या तिप्पट आकाराचे, ‘मार्गदर्शक’ म्हणून.

प्रचार भाऊंनीच केला. वहिनी हात जोडायच्या, भाऊ बोलायचे. ‘मला निवडून द्या’ हे वाक्य भाऊंच्या तोंडात इतकं बसलेलं की तेच चालू राहिलं आणि कुणाला खटकलंही नाही. खेळ पैठणीचा झाला, हळदीकुंकवाच्या वाणात स्टीलचे डबे वाटून झाले, वहिनी निवडून आल्या. गुलाल भाऊंच्या अंगावर पडला.

ग्रामपंचायतीत असल्या गृहस्थांना सरपंचपती म्हणतात आणि त्यांच्यासाठी खुर्चीही ठेवतात. हा प्रकार देशभर इतका फोफावला की केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाला २०२३ मध्ये त्यावर समिती नेमावी लागली. जगात कुठल्याही देशात नवऱ्यांवर सरकारी समिती बसली असेल असं मला वाटत नाही. नगरपालिकेत तेवढी मोकळीक नसते. सभागृहात सदस्यच बसणार. त्यामुळं भाऊ प्रेक्षकांत बसायचे आणि खुणा करायचे. डोक्यावरून हात फिरवला की वहिनींनी हात वर करायचा, मिशीला लावला की गप्प बसायचं. पहिलं वर्ष ही यंत्रणा चोख चालली. एका सभेत पंखा बंद होता, भाऊंनी उकाड्यानं खरंच डोकं खाजवलं, आणि घरपट्टीवाढीचा ठराव एका मतानं मंजूर झाला. तेव्हापासून भाऊ टोपी घालतात.

दुसऱ्या वर्षी वहिनी महिला व बालकल्याण समितीच्या सभापती झाल्या. हे पद बाईलाच द्यायचं असतं आणि त्यात फारसं काही नसतं, असा दोन्ही बाजूंचा समज. एक दिवस समितीपुढं टिपणी आली : आठवडी बाजारातल्या महिला स्वच्छतागृहाचं काम पूर्ण, अंतिम बिलास शिफारस व्हावी. लिपिकानं बोट ठेवून सहीची जागा दाखवली. वहिनींनी पेन काढलं आणि विचारलं, ‘हे आहे कुठं?’

विचारण्यात कसलाही डाव नव्हता. लग्न होऊन आल्यापासून त्या दर मंगळवारी या बाजारात जात होत्या. बाजाराला निघताना पाणी प्यायचं नाही, हा गावातल्या सगळ्या बायकांचा अलिखित ठराव होता. त्यामुळं बाजारात असलं काही उभं राहिलं असेल तर आपल्याला कळलं कसं नाही, एवढंच त्यांना वाटलं.

अभियंता म्हणाले, ‘आहे मॅडम, नकाशात आहे.’

‘मग बाजारात पण असंल की. चला, बघून येऊ.’

पालिकेच्या इतिहासात बिल निघण्याआधी काम बघायला कुणी गेल्याची ही पहिलीच वेळ असावी. सभापती, अभियंता, कंत्राटदार, मुकादम आणि मागं आम्ही रिकामटेकडे, अशी वरात मटणमार्केटच्या मागं गेली. स्वच्छतागृह खरोखरच होतं. टाइल होत्या, रंग होता, दारावर बाईचं चित्र होतं (झगाच), उद्घाटकांच्या नावाची कोनशिला तयार होती. आणि कुलूप होतं.

‘किल्ली?’

‘साहेबांकडं.’

‘साहेब?’

‘दौऱ्यावर.’

‘पण कुलूप का लावलंय?’

मुकादमानं फार प्रामाणिक उत्तर दिलं. ‘उघडं ठेवलं तर बायका वापरतात, वहिनी. मग खराब होतं.’

अर्ध्या तासानं किल्ली आली. आत धूरफवारणीचं यंत्र, मागच्या निवडणुकीच्या दिशादर्शक पाट्या आणि एक मोडकी घंटा होती. खिडकी माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, जाळीशिवाय, बरोबर चहाच्या गाडीसमोर. पाण्याची टाकी वर होती, तिला जोडलेला नळ नव्हता. दाराला आतून कडी नव्हती. कडी का नाही, याचा खुलासा कंत्राटदारानं लगेच केला : अंदाजपत्रकात बाहेरची कडी धरलेली आहे, आतली धरलेली नाही.

इथं जरा थांबून मुंबईचं सांगतो, कारण आमचं गाव मागासलेलं आहे असा कुणाचा समज व्हायचा. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाची चळवळ चालू झाली ती अशाच हिशेबातून. सार्वजनिक मुताऱ्या पुरुषांना फुकट आणि तेवढ्याच कामाला बायकांना पैसे. विचारलं तर राखणदार म्हणायचे, पुरुष कुठं उभा आहे ते दिसतं, बाई आत कशाला गेली हे आम्हाला काय कळणार? म्हणून सरसकट मोठा दर. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो म्हणतात, इथं तो गल्ल्याला मिळत होता. पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ या संस्थेनं हा प्रश्न थेट उच्च न्यायालयात नेला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयानं राज्यातल्या महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं बांधा म्हणून आदेश दिले. देशाला स्वातंत्र्य मिळून अडुसष्ट वर्षं झाल्यावर दाराला कडी असावी हे न्यायमूर्तींना सांगावं लागलं, यात न्यायमूर्तींचा काही दोष नाही.

तर वहिनींनी सही केली नाही. पेन परत पिशवीत टाकलं.

रात्री कंत्राटदाराचा भाऊंना फोन. भाऊ घरात म्हणाले, ‘अगं, करून टाक सही. आपलाच माणूस आहे.’

‘तुम्ही एकदा तिथं जाऊन या. मग करते.’

‘मी कसा जाणार? ते लेडीज आहे.’

‘मग सहीचं बी लेडीजच बघंल.’

हे संभाषण दुसऱ्या दिवशी अख्ख्या बाजाराला पाठ होतं. घराच्या भिंती पातळ असणं हे लोकशाहीला किती पोषक आहे, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला पाहिजे.

तीन महिने बिल अडलं. कडी बसली, नळ आला, खिडकी वर गेली. मग सभेत विषय निघाला : साफ कोण करणार? आणि सभागृहातले सगळे, सगळ्या पक्षांचे, सगळ्या वयांचे सदस्य एकाच वेळी एकाच दिशेला बघायला लागले, जिथं सफाई खात्याचा मुकादम उभा होता. पालिकेत बढतीची यादी लागली की ‘गुणवत्तेचं काय?’ म्हणून ज्यांचा घसा बसतो, त्या मंडळींनी झाडूच्या बाबतीत हा प्रश्न कधी काढलेला नाही. आम्हाला गटारात उतरायची संधी नाकारली, म्हणून मोर्चा निघाल्याचंही ऐकिवात नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशीनं सफाई कामगाराची नोकरी वारसाला मिळते. घर चालतं, ती सोय हवीच. पण बापाचा झाडू मुलाकडं जातो आणि लिपिकाची खुर्ची मुलाकडं जात नाही, याचं कारण समितीला विचारण्यात अर्थ नाही, गावाला विचारायला हवं. वहिनी इतकं काही बोलल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, ‘हातमोजे, गमबूट आधी मंजूर करा, मग कोण ते ठरवा.’ त्यावर एका ज्येष्ठ सदस्यानं ‘हे विषयपत्रिकेवर नाही’ अशी हरकत घेतली. हातमोजे सहा महिन्यांनी विषयपत्रिकेवर आले.

उद्घाटन दणक्यात झालं. आमदारांनी फीत कापली आणि प्रमुख पाहुण्यांसह सर्व मान्यवर पुरुषांनी महिला स्वच्छतागृहाची आतून पाहणी केली. बायका ऊन खात, ओवाळणीची ताटं धरून, बाहेर ताटकळत होत्या. त्यातल्या निदान चार जणींना आत जायची मान्यवरांपेक्षा जास्त घाई होती. शेवटी एक आजी ताट शेजारणीच्या हातात देऊन सरळ घुसली आणि मान्यवर जे बाहेर आले ते भाषणं न करताच पांगले. इतका सुटसुटीत समारंभ आमच्या गावात पुन्हा झाला नाही.

किल्लीचा प्रश्न तेवढा राहिला होता. साहेबांनी ती आपल्याकडंच असावी असा आग्रह धरला. मालमत्तेची जबाबदारी त्यांची. वहिनींनी ती समोरच्या गजरेवाल्या मावशींकडं दिली. त्या पहाटे सहाला येतात आणि रात्री आठला जातात, दौऱ्यावर जात नाहीत. नियमात हे बसत नाही असा शेरा नस्तीवर आहे. स्वच्छतागृह चालू आहे.

मुदत संपली, निवडणुका कोर्टात अडकल्या, चार वर्षं प्रशासक बसला. अखेर २०२५ च्या सोडतीचा दिवस उजाडला. पुन्हा तीच बरणी, नवं पोर. प्रभागातली ‘ब’ जागा निघाली ‘सर्वसाधारण’. भाऊंच्या कार्यकर्त्यांनी जागेवरच फटाक्याची लड लावली. भाऊ घरी आले ते पेढे घेऊनच. वहिनी भाजी निवडत होत्या.

‘सर्वसाधारण म्हंजे कुणीबी उभं राहू शकतं ना?’

‘हो. म्हणजे मी.’

‘कुणीबी म्हंजे मी पण.’

भाऊंनी प्रांत कार्यालयात फोन करून खात्री करून घेतली. महिलेसाठी राखीव जागेवर पुरुष चालत नाही, पण सर्वसाधारण जागेवर बाई चालते. हा अन्याय आहे असं भाऊंचं तेव्हापासून पक्कं मत झालंय. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी भाऊ फ्लेक्सवाल्याच्या दुकानात दिसले. दोघांचे फोटो एकाच फ्लेक्सवर, अगदी सारख्या आकाराचे, छापता येतील का, असं ते विचारत होते. येतील, फ्लेक्सवाला म्हणाला, पण पक्ष उमेदवारी एकालाच देतो. ‘मार्गदर्शक’ कुणाच्या खाली टाकू तेवढं सांगा.

भाऊ म्हणाले, ‘विचारून सांगतो.’